डोहाळ्याचं पातेलं

संपादकांचं पत्र आलं की कल्हईच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीचा अंक आहे, वाचकांना जुन्या काळाबद्दल वाचायला आवडतं. गमती आहेत, त्या सांगतो. पण चाळीस वर्षं भात्यापुढे बसून काढलेल्या माणसाकडून सगळं गोडच निघेल अशी आशा धरू नका. आता घरोघर स्टीलची भांडी आली, गल्लीत 'कल्हईऽऽ' अशी हाक येत नाही, म्हणून लोक हळहळतात. मी हळहळत नाही. स्टीलचं भांडं वापरणाऱ्या बाईला कुणा परक्या माणसाच्या इमानावर जगावं लागत नाही, एवढं मला पुरे आहे.

ज्यांनी कल्हई पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक, चिंच, अंबाडी असं काही आंबट ठेवलं की ते कळकतं. हिरवट दिसतं, चव विटते, खाणारा ओकून बेजार होतो. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा, तो वर्षा-सहा महिन्यांनी झिजला की पुन्हा द्यायचा. जमिनीत खड्डा करून कोळसे पेटवायचे, चामड्याच्या भात्यानं फुंकत राहायचं. घासून लख्ख केलेलं भांडं तापलं की त्यात नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उठतो, नाकाडोळ्यांतून पाणी येतं. मग कथलाची कांडी टेकवायची, ती वितळली की कापसाच्या बोळ्यानं सगळीकडे फिरवायची आणि भांडं पाण्यात बुडवायचं. बायका-पोरं हे बघायला घोळका करून उभी राहायची. चांदी केली चांदी, म्हणून ओरडायची.

अस्सल कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर करकरते. शिसं वाकवलं तर आवाज येत नाही. आणखी एक खूण अशी, की नुसत्या कथलाच्या कल्हईवर बोट घासलं तर बोट स्वच्छ राहतं. त्यात शिसं मिसळलेलं असेल तर काळं होतं. या दोन खुणा मला वडिलांनी भाता ओढायला शिकवण्याच्याही आधी शिकवल्या होत्या. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

आमचं घर उदगीरचं. तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यात आणि बीदर निजामाच्या राज्यात. वर्षातून दोन फेऱ्या असत, एक दसऱ्यानंतर आणि दुसरी संक्रांतीच्या मागेपुढे. औरादच्या बाजूनं ठाणाकुशनूर आणि आसपासची खेडी करत जायचो. वडील थकल्यावर मी आणि माझी बायको शांता असे दोघं निघायचो. भाता ती ओढायची. त्या भागात कुणी मराठी बोलायचं, कुणी कानडी, सरकारी माणूस उर्दू. भांडं मात्र सगळ्यांचं सारखंच कळकायचं.

आमच्या घरात वडिलांच्या वडिलांपासून एक रीत होती. गावात खड्डा खणला की पहिली हाक द्यायची ती डोहाळ्याच्या पातेल्यासाठी. ज्या घरी सून किंवा माहेरी आलेली लेक पोटुशी असेल, त्या घरानं तिच्या आंबटाचं पातेलं आधी आणायचं. त्याला कथील अस्सल वापरायचं, हात दुहेरी द्यायचा आणि पैसा घ्यायचा नाही. त्या बाईनं आपल्या हातानं चिमूटभर मीठ विस्तवावर टाकायचं, झालं. वडील सांगायचे, बाकीचे पदार्थ लोक चवीसाठी खातात. पोटुशी बाई आंबटावरच जगते, दुसरं काही तिच्या पोटात ठरत नाही, तेव्हा तिच्या भांड्यात हयगय करायची नाही.

त्यामुळे गावात कुणाला दिवस गेलेत हे सुइणीच्या आधी मला कळायचं. एका वाण्याच्या घरची गंमत सांगतो. घरात सून एकच. सकाळी तिनं पातेलं आणलं, मी करून दिलं. दुपारी सासूबाई पदराखाली दुसरं पातेलं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हेबी सुनंचंच हाय." मी म्हटलं, "एका सुनेला दोन पातेली?" तर बाई लाजून लाल झाल्या. केस पिकायला लागलेले, थोरल्या लेकीला दोन मुलं. "कल्हईवाल्या, वरडू नकोस रे बाबा," म्हणाल्या. शांता इतकी हसली की भाता बंद पडला. त्या घरात त्या वर्षी काका आणि पुतण्या पंधरा दिवसांच्या अंतरानं जन्मले.

ठाणाकुशनूरला एक मोठं घर होतं, तिथल्या बाईंना सगळे थोरल्या बाई म्हणत. त्या कल्हई केलेल्या प्रत्येक भांड्यात पांढरं फडकं फिरवून बघत. फडक्यावर डाग दिसला की भांडं परत. एकदा एका घागरीपायी त्यांनी मला तीनदा बसवलं होतं. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणत असे ते या अंकात छापता येणार नाही. आज वाटतं, प्रत्येक घरात अशी एक बाई असती तर बरं झालं असतं.

मग लढाई आली. कथील समुद्रापलीकडून येई. जपान्यांनी तो मुलूख घेतला आणि आमच्या बाजारातून कथील नाहीसं झालं. दुकानदार हात वर करत. शिसं मात्र मिळायचं. सगळ्या कल्हईवाल्यांनी जे केलं तेच मीही केलं. थोडं कथील, जास्त शिसं, वितळवून कांड्या पाडल्या. ताजी कल्हई तशीच चकचकते, आठ दिवसांनी निळसर पडते. आठ दिवसांनी आम्ही तिसऱ्या गावात असायचो.

शांतानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आपल्या घरचं आंबट मी गाडग्यात करते. ते पातेलं नको."

"कामून?" मी विचारलं.

"कामून ते तुमाला ठावं हाय," ती म्हणाली.

ती तेव्हा पोटुशी होती. माझा थोरला मुलगा त्याच वर्षी झाला. मातीच्या गाडग्यातलं आंबट खाऊन झाला, धडधाकट आहे.

त्या दसऱ्यानंतर आम्ही ठाणाकुशनूरला गेलो. माझ्या कनवटीला बोटभर अस्सल कथील होतं, जुन्यातलं उरलेलं. हाक दिल्यावर पहिली आली ती गिरजा. शेतकऱ्याच्या घरची सून, वय असेल सतरा-अठरा, तिसरा महिना. सासू तिला पाठवून स्वतः ओट्यावर बसली होती. गावात त्या बाईला सगळे अक्का म्हणत, गिरजा आत्याबाई म्हणे.

"अण्णा, पैले एवढं पातेलं करून द्या," गिरजा म्हणाली. "भाकर बगितली की मळमळायलंय. नुसतं आंबट खावं वाटायलंय."

"काय काय खायलीस?" शांतानं विचारलं.

"अंबाडी. चिंचेचं सार. कढी. आत्याबाई कावल्यात माज्यावर, शेतातल्या चिंचेखाली जाऊ नको म्हनल्यात. म्या तरी जाते." एवढं बोलून तिनं मीठ विस्तवावर टाकलं आणि तडतड ऐकून हसली.

माझा हात कनवटीकडे गेला होता. तेवढ्यात मनात आलं, थोरल्या बाईंची वीस भांडी यायची आहेत. त्यांच्या फडक्याला डाग पडला तर त्या गावभर सांगतील. आणि हे पातेलं तर फुकटच करायचं आहे.

मी मिसळीची कांडी लावली. शांतानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भाता ओढू लागली. अस्सल कथील थोरल्या बाईंच्या भांड्यांना गेलं. त्यांनी त्या वर्षी प्रथमच माझी तारीफ केली.

संक्रांतीला पुन्हा गेलो तेव्हा गिरजाला सहावा महिना होता. तोंड उतरलेलं, ओठ पांढरे. एक हात सारखा पोटावर. तिनं तेच पातेलं पुढे ठेवलं.

"अण्णा, ह्याच्यात आंबट आंबटच लागंना झालंय. मूठभर चिंच कोळून घातली तरी गोडसर लागायलंय. आत्याबाई म्हनायल्यात तुजी जीभच मेलीय."

आता जे लिहितो ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी हसलो. म्हणालो, "डोहाळ्यात असंच होतं, पोरी. अजून थोडी चिंच घालत जा." आणि कल्हई झिजलीय म्हणून त्याच मिसळीची कल्हई पुन्हा करून दिली, रीत म्हणून दुहेरी हाताची.

पुढल्या दसऱ्याला कळलं की सातव्या महिन्यात तिला मेलेला मुलगा झाला. अक्कानं घरातली चिंच बंद केली होती, पण कढी आणि ताकाची आमटी चालू होती, त्याच पातेल्यात. घरची सगळी भांडी माझ्यापुढे आली, ते पातेलंही आलं. माझ्याजवळ मिसळीशिवाय काही नव्हतं. परत पाठवायला तोंड उघडावं लागलं असतं. मी कल्हई करून दिली.

त्यानंतरच्या संक्रांतीला गावात शिरलो तर अक्काच्या ओट्यावर माणसं जमलेली. गिरजाचं दुसरं पोर तिसऱ्याच महिन्यात पडलं होतं. अक्कानं तिच्या वडिलांना बोलावून घेतलं होतं, लेकीला घेऊन जा म्हणून. वडील खालच्या पायरीवर बसले होते, पागोटं मांडीवर. गिरजा खांबाला टेकून उभी. तिचा नवरा भिंतीकडे बघत होता.

"अक्का, पोटुशी बाई आंबट खातेच की," तिचे वडील म्हणाले. "तुमी-आमी न्हाई का बगितलं?"

"खातेत. पन समद्यांची लेकरं मरत न्हाईत. हिनं चिंचेखाली जाऊन जाऊन, आंबट खाऊन खाऊन दोन लेकरं जाळली पोटातली." मग अक्काचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ह्यो कल्हईवाला हाय बगा. गावचा न्हाई, कुनाच्या बाजूचा न्हाई. सांग रं, तुज्यादेखत ही आंबट आंबट करायली होती का न्हाई?"

"व्हय," मी म्हणालो.

"चिंचेखाली जाते म्हनली होती का न्हाई?"

"व्हय."

"त्यानंच लेकरं गेली का न्हाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शांता रस्त्यावर भाता खांद्यावर घेऊन उभी होती, माझा मुलगा तिच्या कडेवर. एका शब्दात खरं सांगता आलं असतं. मग या गावातच काय, सबंध वाटेवर मला कुणी खड्डा खणू दिला नसता. आधी फोडून काढलं असतं, ते वेगळंच.

"व्हय," मी तिसऱ्यांदा म्हणालो.

गिरजाच्या वडिलांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि उठले. गिरजा माझ्यावरून नजर न काढता पायऱ्या उतरली. तिच्या नजरेत राग नव्हता. तिला माझं म्हणणं खरं वाटलं होतं, ते मला अजून सोसत नाही.

वर्ष-दीड वर्षानं माझ्या उजव्या हाताचं मनगट लुळं पडायला लागलं, पोटात कळा येऊ लागल्या. बीदरला सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर हैदराबादकडचे, वयस्क. त्यांनी माझा ओठ वर करून हिरड्या बघितल्या, धंदा विचारला.

"कलई में सीसा मिलाते क्या मियाँ?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, हात शिशाच्या विषानं लुळा पडलाय; तेच शिसं आंबटात उतरतं आणि आंबटाला गोडसर करतं. कळतसुद्धा नाही. "हामिला औरत के पेट में गया तो बच्चा टिकता नहीं." हामिला म्हणजे गरोदर.

मी विचारलं, आंबट खाल्ल्यानं पोर जातं का? ते म्हणाले, नुसत्या चिंचेनं कुणाचं पोर गेलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. आमच्या आईनंही चिंच खाल्ली होती, म्हणाले.

तेव्हापासून मिसळ सोडली. कथील मिळालं तर कल्हई करायची, नाहीतर मजुरी. दोन वर्षं शेतावर राबलो. हात हळूहळू सुधारला. हा चांगुलपणा वाटत असेल तर वाटू देऊ नका, हात गेला म्हणून शहाणपण आलं. गिरजाची वार्ता कानावर येई: वडील वारले, भावानं ठेवून घेतलं नाही, नवऱ्यानं दुसरी केली.

निजामाचं राज्य जायच्या आदल्या हिवाळ्यात मी गाणगापूरला गेलो. दत्ताच्या यात्रेकरूंना उतरायला तिथे घरं असतात, त्यातल्या एका घरची मोठी पातेली करायची होती. गावोगाव दहशत होती, फेऱ्या बंद पडल्या होत्या, म्हणून रेल्वेच्या कडेचं काम धरलं. लढाई संपून अस्सल कथील पुन्हा मिळू लागलं होतं. मागच्या अंगणात खड्डा केला. पातेली घेऊन जी बाई आली ती गिरजा. तिथे स्वयंपाकाला होती.

"अण्णा, ओळखलाव का न्हाई?" तिनं विचारलं. मग एक पातेलं पुढे सरकवून म्हणाली, "ह्याच्यात आंबट शिजतंय. नीट करा."

मला पुढे राहवलं नाही. विस्तव तसाच सोडून मी तिला सगळं सांगितलं. कनवटीचं कथील, फुकटचं पातेलं, शिसं, बीदरचे डॉक्टर. ती उकिडवी बसून ऐकत होती. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा हातातलं भांडं मला मारेल. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"चार वर्सं झाली, आंबट जिभंला लावलं न्हाई म्या," ती म्हणाली. "रोज शेरभर चिंच ह्या हातानं कोळते. चव बगायची असली की दुसरीला हाक मारते. म्हनलं, आपन दोन लेकरं खाल्ली ह्याच्यापायी."

मी विस्तवावर मूठभर कोळसे टाकले.

"माजी जीभ मेली नव्हती, अण्णा. गोडसरच लागायलं होतं. म्या सांगितलं होतं तुमाला."

"व्हय," मी म्हणालो.

"आता मला कामून सांगायलाव? मला सांगून काय व्हतंय? तिथं जावा. तवा चारचौघांत व्हय म्हनलाव, आता चारचौघांत न्हाई म्हना. मला नांदायला न्हाई जायचं. फकस्त गावानं ऐकू द्या. मग मला येऊन सांगा, म्हनलो म्हनून."

मी तिला शब्द दिला.

पुढच्याच उन्हाळ्यात जीव मुठीत धरून ठाणाकुशनूरला गेलो. अक्काच्या ओट्यावर चार माणसं बसली होती. त्यांना रामराम केला आणि सरळ मागच्या दाराला गेलो. चारचौघांत बोलायचं धैर्य मला तेव्हाही झालं नाही. अक्का एकटी धान्य पाखडत होती. दुसऱ्या सुनेची दोन मुलं अंगणात खेळत होती. उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

अक्का पाखडायची थांबली नाही. "मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कवापासून?"

"पैलं लेकरू गेलं तवा शंका आली, दुसरं गेलं तवा खात्री झाली. पातेलं पुसलं की फडकं काळं व्हायचं. मला का डोळे न्हाईत? ह्या सुनंला म्या पैल्या दिसापासून गाडग्यात आंबट घातलं. दोन झाली."

"मग तवा बोललाव कामून न्हाई?"

"तू बोललास का?" तिनं सूप खाली ठेवलं. "म्या बोलले असते तर माज्या चुलीवर माज्या हातानं दोन लेकरं गेली म्हनले असते. आता गप ऱ्हा. नांदती सून हाय घरात. त्या पोरीला परत आनून ठिवू कुठं?"

मग ती आत गेली आणि कल्हई उडालेली सात-आठ भांडी माझ्यापुढे आणून ठेवली. मी खड्डा खणला, विस्तव केला आणि अस्सल कथलानं ती सगळी भांडी करून दिली. ओट्यावरची माणसं येऊन बघून गेली. छान झालीत म्हणाली. मी त्यांच्याशी पाऊसपाण्याचं बोललो.

गाणगापूरला मी परत गेलो नाही. निरोप दोनदा आला, तिथल्या भांड्यांचं काम आहे म्हणून. पहिल्यांदा ताप आहे असं कळवलं, दुसऱ्यांदा काहीच कळवलं नाही. ती किती दिवस माझी वाट बघत होती, आज आहे की नाही, मला माहीत नाही. अक्का वारली, तिचा लेकही थकला असेल. ठाणाकुशनूरला हा अंक कुणी वाचत असेल तर त्यानं हे एवढं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवावं: गिरजानं आपली लेकरं जाळली नाहीत. मी तीनदा व्हय म्हणालो होतो, त्यातलं तिसरं खोटं होतं. तिची लेकरं माझ्या कल्हईनं गेली.